डोळ्यांतील भिंग आणि घरांतील पाणी

चष्म्यास रजा देऊन डोळ्यावरच भिंग बसविण्याची चाल आतां आपल्या घरांतून चांगलीच रुळली आहे. मराठींत ज्यास 'स्पर्शभिंग' असें नांव आहे, पण घरोघर जें नुसतें 'लेन्स' म्हणूनच ओळखिलें जातें, तें कॉलेजांत जाणाऱ्या मुलींच्या पर्समध्यें असतें, नोकरीस जाणाऱ्या सुनांच्या आरशाजवळ असतें, आणि मैदानावर खेळणाऱ्या मुलांच्या पिशवींतहि असतें. ह्या वस्तूविरुद्ध आमची तक्रार नाहीं. ज्यांचा नंबर फार मोठा आहे, ज्यांच्या दोन डोळ्यांच्या नंबरांत फार अंतर आहे, किंवा ज्यांचें बुबुळ शंकूप्रमाणें पुढें आलें आहे, अशांस चष्म्यानें जें साधत नाहीं तें भिंगानें साधतें. शास्त्रानें दिलेली सोय नाकारण्यांत कांहीं शहाणपण नाहीं. मात्र भिंगाबरोबर घरांत एक नवी जबाबदारीहि आली आहे, आणि ती पुष्कळ घरांत कोणीच उचललेली नाहीं, असें आम्हांस दिसतें.

भिंग घालणाऱ्यांच्या डोळ्यास जंतुबाधा होऊन दृष्टि अधू झाल्याच्या हकीकती मधूनमधून कानांवर येतात. त्या ऐकून वडील मंडळी भिंगासच बोल लावितात, व तरुण मंडळी 'आम्हांस काय होतें ?' म्हणून हंसतात. दोघांचेंहि चुकतें. गेल्या चाळीस वर्षांत निरनिराळ्या देशांतील नेत्रवैद्यांनीं ह्या बाधेचा कसून शोध केला आहे. त्याचें सार असें कीं, भिंग स्वतः फारसें अपराधी नाहीं. अपराध बहुधा दोघांचा असतो, एक पाण्याचा व दुसरा निद्रेचा. ह्या दोन्ही गोष्टी आपण निर्दोष मानतों, पाण्यास तर पवित्रहि मानतों. म्हणूनच येथें घात होतो. ही गोष्ट घरांतील सर्वांस, विशेषतः भिंग न वापरणाऱ्या वडील माणसांस, नीट समजावी एवढ्यासाठीं हा लेख आहे.

भिंगाची पूर्वपीठिका

ही वस्तु आजकालची वाटते, पण तिचें वय सव्वाशे वर्षांहून अधिक आहे. १८८८ सालीं झुरिक येथें अॅडॉल्फ फिक नांवाच्या जर्मन नेत्रवैद्यानें फुंकून केलेल्या कांचेच्या वाट्या आधीं सशांच्या, मग स्वतःच्या व नंतर रोग्यांच्या डोळ्यांवर बसवून पाहिल्या. डोळ्याचा पुढचा सारा भाग झांकणारी ती जड वाटी कांहीं तासांपलीकडे कोणास सोसवत नसे. ती फार वेळ राहिली तर बुबुळावर धुरकटपणा येतो, हेंहि त्याच्या ध्यानांत आलें होतें. म्हणजे डोळ्यावर झांकण घातलें कीं डोळा गुदमरतो, ही गोष्ट ह्या विद्येच्या पहिल्याच पानावर लिहिलेली आहे.

पुढें कांचेची जागा प्लास्टिकनें घेतली. १९४८ सालीं अमेरिकेंत केव्हिन टूही ह्यानें केवळ बुबुळापुरतें लहान व कठीण भिंग तयार केलें. परंतु घरोघर पोंचलें तें मऊ भिंग, आणि त्याचा जनक ओटो विख्टर्ले हा चेकोस्लोव्हाकियाचा रसायनशास्त्रज्ञ. पाणी शोषून मऊ राहणारा एक पदार्थ त्यानें व त्याच्या सहकाऱ्यानें शोधून काढला होता; पण त्याचें भिंग घडवावें कसें, हें साधत नव्हतें. १९६१ च्या नाताळांत प्राग येथील आपल्या राहत्या घरीं, मुलांच्या खेळण्यांतल्या धातूच्या पट्ट्या, स्क्रू व सायकलचा डायनामो जोडून त्यानें एक यंत्र उभें केलें, आणि फिरत्या साच्यांत त्या पदार्थाचे थेंब टाकून पहिलीं चार भिंगें काढलीं. पत्नीचा ह्या कामीं त्यास हातभार होता. अमेरिकन सरकारनें ह्या जातीच्या भिंगास १९७१ सालीं परवानगी दिली, व तेथून त्याचा प्रसार जगभर झाला.

ह्या मऊ भिंगाचा गुण तोच त्याचा दोष आहे. त्या पहिल्या पदार्थांत शेंकडा अडतीस भाग पाणी असे. जें पाणी धरून ठेवितें, तें त्या पाण्यांतील बरेंवाईटहि धरून ठेवितें. हें सूत्र वाचकांनीं मनांत ठेविलें म्हणजे पुढील सर्व उलगडा सहज होईल.

बुबुळाची घडण

डोळ्याच्या अगदीं पुढच्या अंगास, काळ्या बुबुळावर, घड्याळाच्या कांचेप्रमाणें बसविलेला एक पारदर्शक पडदा आहे. शालेय पुस्तकांत त्यास पारपटल म्हणतात. मध्यभागीं त्याची जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर. त्यांत एकहि रक्तवाहिनी नाहीं. रक्तवाहिन्या असत्या तर तो असा नितळ राहिला नसता. मग ह्या जिवंत पडद्यास प्राणवायु मिळतो कोठून ? जागेपणीं तो हवेंतून, अश्रूंच्या द्वारें, मिळतो. झोंपेंत पापण्या मिटल्या म्हणजे पापणीच्या आंतल्या अंगास असलेल्या रक्तवाहिन्यांतून मिळतो, पण तेव्हां त्याचें प्रमाण जागेपणाच्या सुमारें एक-तृतीयांशावर येतें. पारपटल उपाशी मरत नाहीं, परंतु रात्रभर अर्धपोटीं असतें.

इतका नाजूक पडदा उघड्या जगापुढें ठेवितांना निसर्गानें त्याच्या रक्षणाचीहि व्यवस्था केली आहे. पापणी मिनिटास दहापंधरा वेळां लवते व प्रत्येक वेळीं डोळा पुसून निघतो. अश्रु नुसतें पाणी नव्हे. त्यांत जंतूंचें कवच फोडणारें लायसोझाइम नांवाचें द्रव्य असतें. हें द्रव्य १९२२ मध्यें जगापुढें मांडणारा अलेक्झांडर फ्लेमिंग तोच, ज्यानें पुढें पेनिसिलिन शोधून काढलें. शिवाय पारपटलाचा वरचा थर इतका घट्ट विणलेला असतो कीं, तो अभंग असेपर्यंत बहुतेक जंतूंस आंत शिरण्यास वाव मिळत नाहीं.

पण एकदां कां तो थर खरवडला गेला व जंतु आंत शिरले, कीं रक्तवाहिन्या नसल्यामुळें शरीराचे रक्षक तेथें उशीरा पोंचतात. जो व्रण होतो तो भरला तरी मागें पांढुरका डाग राहतो. त्यासच आपल्याकडे 'डोळ्यांत फूल पडलें' असें म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत नेत्राचे ७६ रोग सांगितले आहेत. त्यांत कृष्णमंडलाचे म्हणून जे चार वेगळे काढिले आहेत, त्यांतील पहिला 'सव्रण शुक्र' म्हणजे आजच्या भाषेंत बुबुळावरील व्रणच होय. अंगावरचा व्रण आणि बुबुळावरचा व्रण ह्यांत केवढें अंतर आहे, हें त्या प्राचीन शस्त्रवैद्यानें ओळखिलें होतें. हाताच्या जखमेचा डाग आपण विसरून जातों. बुबुळाच्या मध्यावरील डाग जन्मभर प्रत्येक वस्तूच्या आड येतो.

मिटलेल्या पापणीखालीं

आतां निद्रेकडे वळूं. भिंग डोळ्यावर ठेवून झोंपलें असतां तीन गोष्टी एकदम घडतात. पापणीचें लवणें बंद होतें. भिंगाखालचे अश्रु तसेच सांचून राहतात. आणि अर्धपोटीं असलेल्या पारपटलावर आणखी एक झांकण पडतें. वरच्या थरांतील पेशी त्यामुळें दुर्बळ होतात. अशा वेळीं भिंगावर चिकटून आलेला एखादा जंतु तेथें सहज मूळ धरितो. ह्या जंतूंत सर्वांत कुप्रसिद्ध स्यूडोमोनस नांवाचा आहे. ओलावा असेल तेथें तो राहतो: मोरींत, नळाच्या तोंडाशीं, ओल्या डबींत. तो माजला तर एकदोन दिवसांत बुबुळ पोंखरून टाकितो.

१९८१ सालीं अमेरिकेंत कांहीं जातींचीं भिंगें सतत तीस दिवसपर्यंत घालण्यास मोकळीक मिळाली होती. लोकांस सोय फार वाटली. परंतु १९८९ मध्यें न्यू इंग्लंड भागांतील पाहणी प्रसिद्ध झाली. मऊ भिंगें दिवसा घालून रात्रीं काढणाऱ्यांत वर्षाकाठीं दर दहा हजारांत सुमारें चार जणांस बुबुळाचा व्रण होत होता. रात्रींहि तशींच ठेवणाऱ्यांत तो आंकडा सुमारें एकवीस होता. तीस दिवसांची मोकळीक त्याच वर्षीं सातांवर आणिली गेली.

ह्यावर कारखानदारांनीं म्हटलें, प्राणवायूची अडचण ना ? मग आम्ही प्राणवायु आरपार जाऊं देणारा नवा पदार्थ काढतों. तसा तो निघालाहि, आणि सर्वांस वाटलें कीं आतां प्रश्न मिटला. परंतु २००८ मध्यें ऑस्ट्रेलियांतील पाहणी प्रसिद्ध झाली, तींत काय दिसलें ? दिवसा मऊ भिंग घालून रात्रीं काढणारे दहा हजारांत सुमारें दोन. जुन्या पदार्थाचें भिंग रात्रीं ठेवणारे सुमारें साडेएकोणीस. आणि नव्या, प्राणवायु देणाऱ्या पदार्थाचें भिंग रात्रीं ठेवणारे सुमारें पंचवीस ! एकोणीस वर्षांत पदार्थ बदलला, किंमत बदलली, जाहिरात बदलली. पण रात्रींचा धोका हलला नाहीं. कारण प्राणवायूचा अभाव हा अनेक कारणांपैकीं एक होता; अडलेले अश्रु व न लवणारी पापणी हीं कारणें तशींच राहिलीं.

दहा हजारांत वीस हा आंकडा कोणास लहान वाटेल. आम्ही आयुष्यभर मुलांस गणित शिकविलें, तेव्हां येथेंहि थोडें करूं. दहा हजारांत वीस म्हणजे वर्षास पांचशांत एक. विसाव्या वर्षीं भिंग घालूं लागलेली व्यक्ति चाळिसाव्या वर्षापर्यंत ती संवय ठेवील, तर स्थूलमानानें पंचविसांत एकीची पाळी येते. उलट रात्रीं न चुकतां भिंग काढणारीच्या बाबतींत तोच हिशेब अडीचशांत एक असा उतरतो. हा दसपट फरक केवळ झोंपण्यापूर्वींच्या दोन मिनिटांचा आहे. रेल्वेच्या प्रवासांत घेतलेली डुलकी व दुपारची वामकुक्षि हींहि निद्राच होत, हें येथें सांगून ठेवितों.

पाण्याचें सोंवळें

पाण्याविषयीं आपल्या घरांत आदर फार. तें गाळून घ्यावें, तांब्याच्या भांड्यांत भरावें, झांकून ठेवावें, उष्टा हात लागूं देऊं नये, हे संस्कार आपणांस लहानपणींच मिळतात. आतां तर स्वयंपाकघरांत पाणी शुद्ध करणारें यंत्रहि असतें. म्हणून 'पिण्याचें पाणी आहे, त्यानें भिंग धुतलें तर काय बिघडलें ?' असें एखाद्या आजीस वाटलें तर नवल नाहीं. परंतु पोटासाठीं शुद्ध आणि डोळ्यासाठीं शुद्ध ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पोटांत तीव्र आम्ल आहे. गिळलेले पुष्कळ जीव तेथेंच नष्ट होतात. डोळ्यांत तशी भट्टी नाहीं.

नळाच्या, विहिरीच्या, तळ्याच्या व पोहण्याच्या हौदाच्या पाण्यांत अकँथामीबा नांवाचा एकपेशी जीव आढळतो. तो इतका सर्वत्र आहे कीं, आपल्यांतील बहुतेकांचा त्याच्याशीं संबंध आलेला असतो व कांहीं होत नाहीं. परिस्थिति प्रतिकूल झाली म्हणजे तो स्वतःभोंवतीं दुहेरी भिंतीचें कवच विणून आंत निपचित पडून राहतो. पिण्याच्या पाण्यांत जेवढें क्लोरीन घालतात, तेवढ्यानें हें कवच फुटत नाहीं. भिंगाची डबी रोज नळाखालीं धरून ओलीच मिटली, कीं तिच्या बुडाशीं जंतूंचा बुळबुळीत थर धरितो. तो थर हें ह्या जीवाचें अन्न. तेथें तो वाढतो, भिंगाला चिकटतो, आणि भिंग त्यास नेऊन नेमकें पारपटलावर ठेवितें. इतर वेळीं पापणीच्या एका लवण्यानें जो वाहून गेला असता, त्यास भिंगामुळें तेथें तासन्तास आसरा मिळतो.

१९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ह्या बाधेची जी पहिली मोठी लाट आली, तिचा माग काढतां असें निष्पन्न झालें कीं, पुष्कळसे रोगी मिठाच्या गोळ्या घरींच पाण्यांत विरघळवून भिंगाचें पाणी तयार करीत होते. बाजारी ऊर्ध्वपातित पाणीहि निर्जंतुक असतेंच असें नाहीं, हा धडा तेव्हां मिळाला. पुढें २०१८ सालीं लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयांतील वैद्यांनीं जाहीर केलें कीं, २०११ पासून इंग्लंडच्या आग्नेय भागांत ही बाधा जवळजवळ तिप्पट झाली आहे. आणि अस्वच्छ हात व भिंग घालून पोहणें ह्यांचा तिच्याशीं संबंध दिसतो. इंग्लंडांतील घरांत माळ्यावर पाण्याची टाकी ठेवण्याची जुनी रीत आहे, व अशा सांठवणींत हा जीव सुखानें राहतो. आपल्या इमारतींच्या गच्चीवरील टाक्यांची आठवण वाचकांस आपोआपच होईल.

येथें एक खुलासा करणें न्याय्य होईल. आपल्या देशांत ह्या जीवाची बाधा भिंग घालणाऱ्यांपेक्षां न घालणाऱ्यांतच अधिक आढळते. शेतांत डोळ्यास लागलेला मार, धूळ, घाणेरडें पाणी हीं तिचीं कारणें, असें हैदराबादच्या एल्. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील संशोधनानें दाखविलें आहे. परंतु ह्यावरून भिंगवाल्यांनीं निर्धास्त होऊं नये. ज्या देशांत नळाचें पाणी सरळ ओंजळीनें पितात, त्या देशांत ज्या जीवानें भिंगावाटे डोळे नासविले, तो आपल्या पाण्यांत अधिक दयाळू होईल असें मानण्यास आधार नाहीं.

आम्ही तर म्हणूं कीं, ही गोष्ट आपल्या वडील माणसांस इतरांपेक्षां लवकर समजली पाहिजे. सोंवळ्यांतल्या भांड्यास ओंवळ्याचा स्पर्श चालत नाहीं. तें ओंवळें दिसावयास स्वच्छ असलें तरी चालत नाहीं. भिंगाचें सोंवळें असेंच आहे. त्यास पाणी ओंवळें, मग तें नळाचें असो, यंत्रांतून गाळलेलें असो, उकळून थंड केलेलें असो, कीं गंगेचें असो.

सोल्यूशनच्या बाटलीवर विश्वास किती ?

मग दुकानांत मिळणारें सोल्यूशन वापरलें म्हणजे सर्व भागलें काय ? बहुतांशीं भागलें, पण पूर्ण नव्हे. २००५ व २००६ ह्या दोन वर्षांत सिंगापूर, हाँगकाँग व अमेरिका येथें भिंग घालणाऱ्यांच्या बुबुळांवर एकाएकीं फ्युझेरियम नांवाच्या बुरशीचे व्रण दिसूं लागले. एकट्या अमेरिकेंत १६४ रोगी निश्चित झाले, व त्यांपैकीं ५५ जणांचें पारपटल काढून दुसऱ्याचें बसवावें लागलें. बाऊश अँड लोम्ब कंपनीच्या 'रिन्यू मॉइश्चरलॉक' ह्या सोल्यूशनशीं त्याचा संबंध जुळला, आणि मे २००६ मध्यें तें जगांतील सर्व बाजारांतून परत घेतलें गेलें. नवल असें कीं, कारखान्यांत अगर न उघडलेल्या बाटल्यांत ती बुरशी सांपडली नाहीं. ती लोकांच्या घरचीच होती. तिला रोखण्याचें आपलें काम त्या सोल्यूशननें नीट केलें नव्हतें.

ह्यावरून दोन गोष्टी घ्यावयाच्या. बाटलीवर काय छापलें आहे ह्यावर विसंबून भिंग बोटानें चोळण्याचा कंटाळा करूं नये. सोल्यूशन जें काम करितें त्याच्या इतकेंच महत्त्वाचें काम बोटाचें चोळणें करितें. आणि सर्व नियम पाळूनहि डोळा दुखूं शकतो, हें गृहीत धरून दुखणें ओळखावयास शिकावें.

दुखणें ओळखावें कसें ?

भिंग घालणाऱ्या माणसाचा डोळा लाल झाला, दुखूं लागला, उजेड सोसेना, सारखें पाणी येऊं लागलें, दिसणें धूसर झालें किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर तो 'डोळे आले' असें समजून घरीं बसण्याचा प्रसंग नव्हे. डोळे येतात तेव्हां चिपडें येतात व खाज सुटते, पण दृष्टि सहसा मंदावत नाहीं. अकँथामीबाच्या बाधेंत तर वरून फारसें कांहीं दिसत नसतां वेदना मात्र असह्य असतात, हीच पुष्कळदां तिची खूण असते. ती पहिल्या आठवड्यांत हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूच्या बाधेसारखी दिसून जाणत्या वैद्यासहि चकविते. म्हणून 'मी भिंग वापरतें' हें वैद्यास आपण होऊन सांगितलेंच पाहिजे.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं घडलेली हकीकत सांगतों. त्याची मुलगी परगांवीं वसतिगृहांत राहून शिकत होती. सोल्यूशन संपलें, महिनाअखेर होती, म्हणून चार दिवस तिनें भिंगें नळाच्या पाण्यांत ठेविलीं. डोळा लाल होतांच तिनें औषधाच्या दुकानांतून थेंब आणिले. त्यांत स्टिरॉइड होतें. लाली उतरली, दुखणें दबलें, मुलीस बरें वाटलें. आंत मात्र बाधा निर्वेध पसरत गेली. तीन आठवड्यांनीं तिला नेत्ररुग्णालयांत नेलें तेव्हां रोगाचें खरें नांव कळलें. मग पहिले कांहीं दिवस रात्रंदिवस दर तासास थेंब घालावे लागले. घर एकत्र होतें म्हणून हें निभावलें. आजी पहांटेपर्यंत जागे, काकू दुपार सांभाळी, भाऊ घड्याळ लावून बसे. आठ महिन्यांनीं वेदना थांबल्या. डोळा वांचला, परंतु त्या डोळ्यानें तिला आज चष्मा लावूनहि केवळ मोठीं अक्षरें दिसतात.

तिच्यापाशीं चष्मा कां नव्हता, असें आम्हीं विचारिलें. होता, पण चार वर्षांपूर्वींच्या नंबराचा; त्यानें फळ्यावरचें दिसत नसे. नवा कां केला नाहीं ? तर घरांत तिच्या लग्नाची बोलणीं सुरू होतीं, आणि 'मुलीस चष्मा आहे' हें कोणास कळूं नये अशी घरच्यांचीच इच्छा होती. म्हणून भिंगें सकाळीं उठल्यापासून रात्रीं निजेपर्यंत, आणि कधीं निजल्यावरहि, डोळ्यांवरच असत. ह्या हकीकतींत आम्हांस सर्वांत बोंचलें तें हें. अमीबा पाण्यांतून आला खरा; पण त्यास दार उघडलें तें चष्म्याच्या लाजेनें.

घरांत पाळावयाचे नियम

आतां नियम सांगतों. ते थोडेच आहेत. भिंगास हात लावण्यापूर्वीं हात साबणानें धुवून कोरड्या, स्वच्छ फडक्यानें पुसावे. ओल्या हातावरहि नळाचें पाणीच असतें. सकाळीं आधीं स्नान, मग भिंग; संध्याकाळीं आधीं भिंग काढावें, मग तोंड धुवावें. पोहतांना, नदीवर अगर समुद्रांत, पावसांत भिजण्याच्या बेतानें निघतांना व रंग खेळतांना चष्माच असूं द्यावा. भिंग काढल्यावर तें तळहातावर ताज्या सोल्यूशननें चोळून घ्यावें. डबींतील कालचें सोल्यूशन रोज ओतून टाकावें. त्यांतच नवें भर घालणें म्हणजे शिळ्या ताकांत ताजें दूध ओतणें होय. डबी सोल्यूशननेंच विसळून, पुसून, पालथी घालून वाळवावी, व तीन महिन्यांनीं फेंकून द्यावी. ज्यांस हा खटाटोप होत नाहीं, त्यांनीं रोजचें रोज टाकून देण्याचें भिंग घ्यावें. त्यास डबीच लागत नाहीं. पण तेंहि रात्रीं काढिलेंच पाहिजे, व दुसऱ्या दिवशीं पुन्हां घालूं नये.

नटण्यासाठीं मिळणाऱ्या रंगीत भिंगांसहि हेच नियम लागू आहेत. अमेरिकेंत २००५ पासून नंबर नसलेल्या रंगीत भिंगांसहि कायद्यानें वैद्यकीय साधन ठरविलें असून तीं चिठ्ठीशिवाय विकतां येत नाहींत. नाटकांत, लग्नांत मैत्रिणींनीं एकमेकींचीं भिंगें घालून पाहणें हें तर दुसऱ्याचा दांत घासण्याचा ब्रश वापरण्याहून वाईट होय.

आणि डोळा दुखला तर ? भिंग तत्काळ काढावें, पण फेंकूं नये. तें व त्याची डबी बरोबर घेऊन त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें, कारण जंतु ओळखण्यास त्याचा उपयोग होतो. घरांत पडून असलेले थेंब, गुलाबपाणी, मध, दूध ह्यांपैकीं कांहींहि घालूं नये. दुसरा डोळा चांगला आहे म्हणून त्यांतलें भिंगहि ठेवूं नये.

चष्म्याची लाज

बुबुळावर एकदां डाग पडला कीं शेवटचा उपाय म्हणजे दुसऱ्याचें पारपटल बसविणें. ही शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी झाली ती ७ डिसेंबर १९०५ रोजीं, मोराव्हियांतील ओलोमोउत्स गांवीं, एडुआर्ड झिर्म ह्या वैद्याच्या हातून. चुन्यानें डोळे गेलेल्या एका मजुरास तिनें दृष्टि मिळाली. मऊ भिंगाचा जनक विख्टर्ले ह्याचें जन्मगांव प्रॉस्तेयॉव्ह तेथून अगदीं जवळ आहे. भिंग ज्या मुलुखानें दिलें, त्याच मुलुखानें त्याच्या अपघातावरचा उपायहि आधींच शोधून ठेविला होता, असें म्हणावें लागेल. परंतु त्या उपायासाठीं कोणा मृताचा डोळा लागतो. मृत्यूनंतर सहा तासांच्या आंत नेत्रदान व्हावें लागतें. चष्मा असलेल्यांस, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांसहि तें करितां येतें. आमच्या पिढीच्या माणसांनीं आपली इच्छा घरांत स्पष्ट बोलून ठेवावी, म्हणजे दुःखाच्या घटकेस मुलांस विचार पडत नाहीं.

तथापि उपायाची पाळी न येणें हेंच खरें. त्यासाठीं घरच्या वडीलधाऱ्यांस एकच विनंती आहे. भिंग वापरणाऱ्या प्रत्येक मुलास, मुलीस व सुनेस चालू नंबराचा चांगला चष्मा करून द्या, आणि तो लावून तिला चारचौघांत वावरूं द्या. पाहुणे आले म्हणून 'चष्मा काढून ये' असें म्हणूं नका. ज्या मुलीस घरांत चष्मा लावण्यास संकोच वाटत नाहीं, ती डोळा जरा खुपला कीं भिंग काढून ठेवील. जिला संकोच वाटतो, ती दुखणें सोसून, तें लपवून, भिंग तसेंच ठेवील. सोल्यूशनची बाटली घरखर्चाच्या यादींत साबण-दंतमंजनाच्या जोडीनें लिहा, म्हणजे महिनाअखेरीस कोणाला नळाखालीं डबी धरावी लागणार नाहीं. आणि रात्रीं दिवे मालविण्यापूर्वीं जशी दाराची कडी पाहतां, गॅस बंद आहे कीं नाहीं पाहतां, तसेंच 'भिंग काढलेंस ना ?' एवढें विचारीत चला.